चीनचा गुरु कन्फ्यूशियस

इ. स. १९४० च्या डिसेंबर महिन्यांत चीन देशांतील शांघाय शहरीं एक ऐतिहासिक बोलपट लोकांपुढें आला. त्याचें नांव कुंग-फु-त्से, म्हणजे कुंग गुरुजी. युरोपांत व आपल्या इकडे जो तत्त्ववेत्ता कन्फ्यूशियस या नांवानें प्रसिद्ध आहे, तोच हा. त्या वेळीं शांघायच्या भोंवतालचा सारा मुलूख जपानी फौजांनीं व्यापलेला होता. परकीयांच्या वसाहतींचा भाग तेवढा मोकळा राहिला होता, आणि चिनी लोक त्यास एकाकी बेट असें म्हणत. अशा दिवसांत लोकांस धीर यावा म्हणून एखाद्या शूर सेनानीची कथा पडद्यावर आणावी, हें कोणासही सुचलें असतें. आदल्याच वर्षीं मूलान या वीरकन्येचा बोलपट त्याच शहरांत अतोनात गाजला होता. परंतु फेइ मू या दिग्दर्शकानें निवडला तो असा पुरुष, कीं ज्याच्या हातीं आलेला अधिकार चार-पांच वर्षांपलीकडे टिकला नाहीं, ज्यानें पुढें चौदा वर्षें दारोदार हिंडून काढलीं, आणि ज्याला अखेरपर्यंत आपल्या मनासारखा एकही राजा भेटला नाहीं. शिवाय त्यानें देवळांतील मूर्ति न दाखवितां हाडामांसाचा माणूस दाखविण्याचा प्रयत्न केला. असें त्या माणसांत काय होतें, हें कळण्यास त्याचें चरित्रच पाहिलें पाहिजे. तें आम्ही येथें आमच्या वाचकांस सादर करीत आहों.

कन्फ्यूशियसाचा जन्म इ. स. पू. ५५१ मध्यें लू नांवाच्या एका लहानशा राज्यांत झाला. हें राज्य आजच्या शांटुंग प्रांतांत च्यूफू शहराच्या आसपास होतें. त्याचे वडील शिपाईबाण्याचे व अंगानें धिप्पाड असत. एका वेढ्याच्या प्रसंगीं शत्रूनें वेशीचा दरवाजा वरून खालीं सोडला, तेव्हां त्यांनीं तो आपल्या हातांवर तोलून धरला आणि आंत अडकलेल्या सोबत्यांस बाहेर जाऊं दिलें, अशी त्यांची ख्याति होती. परंतु मूल तीन वर्षांचें झालें न झालें तोंच ते वारले. पुढचें सारें आईनें केलें. ती वयानें लहान, घरीं पैसा नाहीं, आणि पतीच्या घराण्याचा आधारही फारसा नाहीं. अशा स्थितींत तिनें त्याला वाढविलें. इतर मुलें लुटुपुटीच्या लढाया खेळत तेव्हां हा मुलगा यज्ञपूजेचीं भांडीं मांडून नमस्कार-विधि करीत बसे, असें त्याचे जुने चरित्रकार सांगतात. पंधराव्या वर्षीं त्यानें विद्या करावयाची असें मनाशीं ठरविलें. एकोणिसाव्या वर्षीं लग्न झालें, मुलगाही झाला, आणि मग पोटासाठीं चाकरी धरावी लागली.

चाकरी कसली, तर प्रथम धान्याच्या कोठाराचे हिशेब ठेवण्याची, आणि मागाहून गुरेंमेंढरें राखण्याच्या खात्याची. हिशेब चोख राहिले, गुरें पुष्ट होऊन वाढलीं, एवढेंच त्या नोकऱ्यांविषयीं लिहिलेलें आढळतें. उतारवयांत त्याला कोणी विचारलें कीं इतक्या नाना गोष्टी तुम्हांस कशा येतात, तेव्हां लहानपणीं गरिबी होती म्हणून हलकींसलकीं कामें शिकावीं लागलीं, असें त्यानें सरळ सांगितलें. आम्हांस हें उत्तर फार आवडतें. मोठेपणीं गरिबी लपविणारे पुष्कळ, व तिचा डंका वाजविणारेही पुष्कळ. त्यानें यांतलें कांहींच केलें नाहीं.

त्या काळचा चीन कसा होता हें थोडें सांगितलें पाहिजे. चौ घराण्याचा सम्राट् नांवाला होता, पण त्याचा हुकूम त्याच्या राजधानीबाहेर कोणी मानीत नसे. मांडलिक राजे एकमेकांशीं लढत. त्या राजांच्याही डोक्यावर त्यांचे सरदार बसले होते. लू राज्यांत तर तीन सरदार घराण्यांनीं सर्व सत्ता वांटून घेतली होती, आणि इ. स. पू. ५१७ मध्यें खुद्द राजालाच पळून शेजारच्या छी राज्याचा आश्रय करावा लागला. कन्फ्यूशियसही त्या सुमारास छी राज्यांत गेला होता. तेथें त्यानें शाओ नांवाचें प्राचीन संगीत ऐकलें आणि तीन महिनेपर्यंत त्याला मांसाची चव कळेनाशी झाली, अशी आख्यायिका आहे. जुन्या राजर्षींच्या काळीं जी व्यवस्था होती, जी मर्यादा होती, ती पुन्हां आणल्यावांचून हा गोंधळ मिटणार नाहीं, असें त्याचें ठाम मत झालें. या मर्यादेला चिनी भाषेंत ली म्हणतात. यज्ञयागापासून तों वडिलांपुढें कसें बसावें येथपर्यंत सर्व आचार तींत येतो. आजच्या वाचकास हा सारा देखावा वाटेल. परंतु कन्फ्यूशियसाचें म्हणणें असें होतें, कीं अंतःकरणांत माणुसकी नसेल तर विधि व्यर्थ आहेत. आणि माणुसकी असली तरी तिला रीतभात नसेल, तर तीही वाहवत जाते.

अधिकार मिळेपर्यंत त्यानें शाळा चालविली, आणि तीच त्याच्या आयुष्यांतील खरी गोष्ट ठरली. त्यापूर्वीं विद्या म्हणजे सरदारांच्या मुलांची मिरास होती. त्यानें ती सर्वांस खुली केली. सुक्या मांसाची एक जुडी घेऊन जो येई, त्याला त्यानें कधीं परत लावलें नाहीं. विधि, संगीत, धनुर्विद्या, रथ हांकणें, लेखन व गणित या सहा विद्या त्या काळच्या शिक्षणांत येत. त्याच्याकडे एकंदर तीन हजार विद्यार्थी शिकून गेले व त्यांत बहात्तर पारंगत झाले, असें परंपरा सांगते. तीन हजार हा आंकडा आम्हांस मोठा वाटतो. पण ज्यांचीं नांवें व स्वभाव आपणांस ठाऊक आहेत, ते विद्यार्थी इतके जिवंत आहेत कीं आंकड्याची गरजच उरत नाहीं.

त्यांतील त्से-लू हा गुरूहून अवघा नऊ वर्षांनीं लहान. हा पूर्वीं गांवगुंड म्हणावा असा, तरवार बाळगणारा, मनांत येईल तें तोंडावर बोलणारा. येन हुइ हा दरिद्री. गल्लींतील एका खोपटांत राही. बांबूच्या भांड्यांत भात आणि भोपळ्याच्या तुंब्यांत पाणी एवढ्यावर त्याचा दिवस जाई, व तरी त्याचा आनंद कमी होत नसे. त्से-कुंग हा व्यापारी, श्रीमंत आणि बोलण्यांत पटाईत. एकदां त्से-लूनें विचारलें, कीं चांगली गोष्ट ऐकली म्हणजे ती लगेच करावी काय. गुरूनें सांगितलें, घरीं वडील व वडील भाऊ आहेत, त्यांस आधीं विचार. पुढें जान यू नांवाच्या शिष्यानें तोच प्रश्न केला, तर त्याला उत्तर मिळालें कीं ऐकतांच करावी. तिसरा एक शिष्य जवळ होता, तो गोंधळला. तेव्हां गुरूनें खुलासा केला, कीं एक मागें मागें राहतो म्हणून त्याला पुढें लोटलें, आणि दुसऱ्याच्या अंगांत दोघांचा उत्साह आहे म्हणून त्याला मागें ओढलें. वर्गांत तीस-चाळीस मुलांस एकच धडा एकाच सुरांत सांगणाऱ्या आम्हां शिक्षकांस ही गोष्ट थोडी बोंचते.

सर्वच ठिकाणीं तो आम्हांस पटतो असें नाहीं. एका शिष्यानें शेती शिकवा म्हणून विनंती केली, तेव्हां त्यानें त्याला तुच्छ लेखलें. राज्य करणारा सज्जन असला म्हणजे शेतकरी आपोआप त्याच्याकडे येतील, मग हें शिकून काय करावयाचें, असा त्याचा अभिप्राय पडला. गुरें राखलेल्या माणसाच्या तोंडीं हा अभिप्राय शोभत नाहीं.

वयाच्या पन्नाशींत, इ. स. पू. ५०१ च्या सुमारास, त्याला लू राज्यांत प्रथम एका नगराचा अधिकार मिळाला व नंतर तो न्यायमंत्री झाला. इ. स. पू. ५०० मध्यें लू आणि छी या दोन राजांची च्याकू येथें भेट ठरली. छीच्या पक्षानें सशस्त्र लोक पुढें घालून लूच्या राजाला धाक दाखविण्याचा बेत केला होता. कन्फ्यूशियस पायऱ्या चढून वर गेला, आणि मैत्रीच्या सभेंत शस्त्रांचें काय काम, असा त्यानें छीच्या राजाला सर्वांदेखत जाब विचारला. लोक परत पाठवावे लागले, आणि बळकावलेली कांहीं जमीनही छीला सोडून द्यावी लागली. पुढें इ. स. पू. ४९८ मध्यें त्यानें त्या तीन सरदारांच्या कोटांस हात घातला. दोन कोट पाडले गेले. तिसऱ्या घराण्यानें मात्र आपला कोट पाडूं दिला नाहीं, आणि राजाच्या सैन्याला वेढा उठवून परतावें लागलें. त्याच्या राजकारणाची कमान येथेंच मोडली असें आम्हांस वाटतें.

मग छीच्या दरबारानें एक युक्ति योजिली. ऐंशीं नर्तकी आणि एकशेंवीस उत्तम घोडे लूच्या राजाला भेट म्हणून पाठविले. सर्वांत प्रबळ सरदारानें ती भेट स्वीकारली, आणि तीन दिवस दरबार भरलाच नाहीं. यज्ञानंतर मंत्र्यांस प्रसादाचें मांस पाठवावयाचें, तेंही आलें नाहीं. कन्फ्यूशियसानें आपलें गांठोडें बांधलें व तो राज्य सोडून निघाला. हें वर्ष इ. स. पू. ४९७. त्याचें वय तेव्हां चौपन्न होतें.

पुढील चौदा वर्षें तो या राज्यांतून त्या राज्यांत फिरत राहिला. वेइ राज्यांत मान मिळाला, धान्यही मिळालें, पण त्याचा सल्ला राजाला नको होता. त्याला हवी होती लष्करी मांडणीची माहिती. ती विचारतांच दुसऱ्या दिवशीं कन्फ्यूशियस तेथून निघाला. क्वांग गांवीं लोकांनीं त्याला भलताच कोणी जुलमी समजून कोंडलें. सुंग राज्यांत तो झाडाखालीं शिष्यांस विधि शिकवीत असतां तेथील एका अधिकाऱ्यानें तें झाडच तोडविलें. चेंग राज्यांत तर तो शिष्यांपासून चुकला व वेशीपाशीं एकटाच उभा राहिला. गांवच्या एका माणसानें त्से-कुंगाला सांगितलें, कीं वेशीपाशीं एक उंच म्हातारा आहे, तो सुतकाच्या घरच्या बेवारशी कुत्र्यासारखा दिसतो. त्से-कुंगानें हें जसेंच्या तसें गुरूला ऐकविलें. गुरु हंसला आणि म्हणाला, कीं रूपाचें वर्णन राहूं द्या, पण ती कुत्र्याची गोष्ट मात्र अगदीं खरी आहे.

सर्वांत कठीण प्रसंग आला तो चेन आणि छाइ या दोन राज्यांच्या मध्यें, इ. स. पू. ४८९ च्या सुमारास. वाट अडविली गेली, बरोबरचें धान्य संपलें, आणि कित्येक दिवस सर्वांस उपास पडला. शिष्य इतके अशक्त झाले कीं त्यांस उठवेना. कन्फ्यूशियस मात्र नेहमींप्रमाणें शिकवीत होता आणि वीणा वाजवून गात होता. त्से-लूला तें सहन झालें नाहीं. तो संतापून आला आणि सज्जनावरही अशी पाळी यावी काय, असें विचारूं लागला. येते, असें गुरूनें उत्तर दिलें. पण अशी पाळी आली म्हणजे हलक्या माणसाचा तोल जातो, एवढाच फरक त्यानें सांगितला.

सुमा छ्येन या इतिहासकारानें जवळजवळ पावणेचारशें वर्षांनंतर त्याचें चरित्र लिहिलें. त्यांत या प्रसंगाची पुढची हकीकत दिली आहे, आणि सबंध चरित्रांत आम्हांस तीच सर्वांत मोलाची वाटते. कन्फ्यूशियसानें ओळखलें, कीं शिष्यांच्या मनांत संशय शिरला आहे. त्यानें तिघांस एकेक करून आंत बोलाविलें आणि प्रत्येकाला एकच प्रश्न केला: आपण या रानांत येऊन पडलों, तर आपला मार्गच चुकला आहे काय? त्से-लू म्हणाला, कीं आपली माणुसकी किंवा आपलें शहाणपण अपुरें असेल, म्हणून लोकांचा आपल्यावर विश्वास बसत नाहीं. गुरूनें त्याला, सज्जन असून उपाशी मेलेल्या पुराणपुरुषांचीं नांवें सांगितलीं. त्से-कुंग व्यापारी होता. तो म्हणाला, कीं आपला माल उत्तम आहे पण फार भारी आहे, गिऱ्हाइकाला झेपेल इतका तो थोडा उतरवावा. त्याला गुरूनें सांगितलें, कीं चांगला शेतकरी पेरणी उत्तम करूं शकतो, पीक येईलच अशी हमी देऊं शकत नाहीं. मग येन हुइ आला. तो म्हणाला, कीं मार्ग आपण नीट आंखला नसता तर ती लाज आपली होती. तो नीट आंखलेला असून राजे घेत नाहींत, तर लाज त्यांची आहे. हें ऐकून गुरूला हंसूं आलें. तुझ्याजवळ पैसा असता तर मी तुझ्या घरीं कारभारी राहिलों असतों, असें तो म्हणाला. पोटांत अन्न नाहीं आणि थट्टा चालली आहे!

येन हुइचें उत्तर गुरूला आवडलें, हें खरें. परंतु वाचकांनीं हेंही पाहावें, कीं प्रश्न विचारणारा स्वतः कन्फ्यूशियसच होता. आपण चुकलों कीं काय, ही शंका त्याला शिवलीच नसती, तर त्यानें ती तिघांपुढें मांडली नसती. एका वेशीवरील पहारेकऱ्यानें त्याची ओळख अशी सांगितली होती, कीं होणार नाहीं हें ठाऊक असूनही जो करीत राहतो तोच ना हा. पहारेकऱ्याला ती थट्टा वाटली असेल. शिष्यांनीं मात्र ती लिहून ठेविली.

इ. स. पू. ४८४ मध्यें तो लूला परत आला. जान यू हा शिष्य तेथें पराक्रम करून सरदाराच्या मर्जींत बसला होता, त्याच्या खटपटीनें हें बोलावणें आलें. अधिकार मात्र कोणी दिला नाहीं. तो जुने ग्रंथ व जुनीं काव्यें यांची जुळवाजुळव करीत बसला. घरांत एकामागून एक मृत्यु झाले. मुलगा गेला. मग येन हुइ ऐन वयांत गेला, तेव्हां तो असा रडला कीं शिष्यांस तें विधीला सोडून वाटलें, व तसें त्यांनीं बोलूनही दाखविलें. या माणसासाठीं रडावयाचें नाहीं तर कोणासाठीं, असें त्यानें त्यांसच विचारलें. येन हुइच्या बापानें, शवपेटीला बाहेरची पेटी करण्यासाठीं गुरूनें आपला रथ विकावा, अशी विनंती केली. ती त्यानें नाकारली. माझ्या मुलालाही बाहेरची पेटी नव्हती, आणि दरबारी माणसानें पायीं हिंडणें रीतीला धरून नाहीं, असें कारण त्यानें दिलें. हें वाचून पुष्कळांस वाईट वाटतें, आम्हांसही वाटलें. इ. स. पू. ४८० मध्यें त्से-लू वेइ राज्याच्या बंडाळींत मारला गेला. लढतांना त्याच्या टोपीचा बंद तुटला, तेव्हां सज्जनानें टोपीवांचून मरूं नये म्हणून तो बंद बांधीत असतां त्याच्यावर घाव पडले. मर्यादा शिकविणाऱ्या गुरूला सर्वांत दांडगट शिष्यानें दिलेली ही दक्षिणा होती. पुढच्या वर्षीं, इ. स. पू. ४७९ मध्यें, कन्फ्यूशियस वारला. आपला सल्ला ऐकणारा राजा जगांत नाहीं, हें दुःख त्याच्या शेवटच्या बोलण्यांतही होतें.

शिष्यांनीं बाप गेल्याप्रमाणें तीन वर्षें सुतक पाळलें आणि रडत रडत निरोप घेतला. त्से-कुंग परत फिरला, थडग्याजवळ झोंपडी बांधून आणखी तीन वर्षें तेथें एकटा राहिला. माल उतरवावा असा सल्ला देणारा तो हाच.

पुढील हकीकत सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यांत देतों. इ. स. पू. २१३ मध्यें छिन सम्राटानें जुने ग्रंथ जाळविले. त्यानंतर शंभर वर्षांच्या आंत हान सम्राटांनीं कन्फ्यूशियसाचें शिक्षण राजमान्य केलें, आणि पुढें सरकारी परीक्षा त्याच ग्रंथांवर होऊं लागल्या. त्या इ. स. १९०५ पर्यंत चालल्या. ज्याला हयातींत एक राजा मिळाला नाहीं, त्याचें नांव घेऊन पुढें कित्येक राजांनीं प्रजेला मुकाट बसावयास शिकविलें, हेंही सांगितलें पाहिजे. युरोपांत त्याचें नांव नेलें तें जेसुइट मिशनरींनीं. कुंग-फु-त्से याचें लॅटिन रूप कन्फ्यूशियस हें त्यांनींच केलें, आणि त्याच्या ग्रंथांचा लॅटिन अनुवाद इ. स. १६८७ मध्यें पॅरिस येथें छापला. इ. स. १९६६ मध्यें चीनच्या सांस्कृतिक क्रांतींत तरुण लाल रक्षकांनीं च्यूफू येथील त्याच्या थडग्याची नासधूस केली. इ. स. १९९४ मध्यें तेथील मंदिर, थडगें व घराण्याचा वाडा जागतिक वारशांत गणला गेला.

राहिला तो बोलपट. तो इ. स. १९४८ मध्यें पुन्हां एकदां दाखविला गेला आणि मग नाहींसा झाला. फेइ मू इ. स. १९५१ मध्यें हाँगकाँग येथें वारला. तेव्हां त्याला पंचेचाळीसही पुरीं झालीं नव्हतीं. पन्नासांवर वर्षें तो बोलपट नष्ट झाला असेंच सर्व धरून चालले. इ. स. २००१ मध्यें एका गृहस्थानें नांव न सांगतां एक जुनी प्रत हाँगकाँगच्या चित्रपट-संग्रहालयास देणगी दिली. ती खराब झालेली होती. कित्येक ठिकाणीं आवाज गेलेला, आणि कांहीं तुकडे सुटे, ज्यांची मूळ जागा ठरविणें अवघड होतें. दुरुस्तीचें काम वर्षानुवर्षें चाललें, व इ. स. २००९ मध्यें ती लोकांस दाखविण्यांत आली. पुढल्याच वर्षीं चीनमध्यें त्याच विषयावर मोठ्या खर्चाचा नवा रंगीत बोलपट निघाला. त्यांत सैन्यें आहेत, लढायांची धामधूम आहे, आणि कन्फ्यूशियसाचें काम चौ युन-फात या नामांकित नटानें केलें आहे. जुना बोलपट काळापांढरा आहे. त्यांतही ती चेन आणि छाइच्या मधली उपासमार आहे, आणि उपाशी शिष्यांमध्यें बसलेला म्हातारा गुरु आहे.